क्षमा मागावी ती तारीखवार

८ सप्टेंबर, सोमवार

दोन वर्षांनी पद्माक्काचा मेसेज! मधे फक्त कंपाउंडची एक भिंत, आणि ही बाई मला मोबाइलवरून गाठते. कमळाचं चित्र, जोडलेले हात, खाली — "कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. मगदूम परिवार, सांगली." वर फॉरवर्ड केल्याची खूण. म्हणजे अंतःकरणसुद्धा दुसऱ्याचं.

जैनांचा क्षमावाणीचा दिवस आज. दहा दिवसांचं पर्व संपलं की सगळ्यांची माफी मागतात. चांगली पद्धत आहे, मी कधी नावं ठेवली नाहीत. पण एका बोटाने दोनशे जणांची माफी? रेशनवर वाटल्यासारखी?

आणि 'नकळत' कसलं? बागेत फिरायला येणाऱ्या आठ बायकांसमोर ती म्हणाली होती, "मेट्रनबाईंची जीभ म्हणजे इंजेक्शन. ते पण कापूस न लावता." आठही जणी हसल्या. मी सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं काढली, कापसाशिवाय एक सुई टोचलेली नाही! त्या दिवसापासून बोलणं बंद. भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून घ्यायचा चारचा चहाही बंद.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटात कुणी 'सॉरी' म्हटलं की सिस्टर बर्नाडेट विचारायच्या — कशाबद्दल? नीट सांग. मीही अक्काला उत्तर पाठवलं: "कोणत्या चुकीबद्दल? तारीखवार कळवावे."

९ सप्टेंबर

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दोन वर्षं झाली तरी चार वाजता हात दोन कपांकडे जातो. लाज वाटते.

१० सप्टेंबर

राणी दोन्ही घरची भांडी घासते. आज सांगत होती, "बाई, अक्का सकाळधरनं वही घिऊन बसल्यात. काय लिवायचं ऱ्हायलंय का म्हून मलाच इचारत हुत्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्या म्हनलं, पेरूचं लिवा."

कसले पेरू?

११ सप्टेंबर, गुरुवार

आली! पुढे तिचे यजमान आप्पासो खुर्ची घेऊन, कारण माझ्या खुर्च्या तिच्या गुडघ्यांना खोल पडतात. व्हरांड्यात बसली, चष्मा लावला, वही उघडली.

"वैनी, तुमी तारीखवार म्हटलासा. तारखा समद्या आठवत न्हाईत. साल घालून आणलंय."

सतरा कलमं! माझे पेरू २०१४ पासून माकडं खात नव्हती, मगदूम खात होते. माझ्या बेसनाच्या लाडवाने तिने कपाटाचा खिळा ठोकून बघितला होता. (बसला म्हणे.) पुरात माझ्याकडे राहायला होती तेव्हा माझं घोरणं मोबाइलमध्ये भरून कराडच्या लेकीला पाठवलं. "तिनं त्याची रिंगटोन केली हुती. तिच्या वतीनंबी मागते."

मी एका गुन्ह्याची माफी द्यायला बसले होते, हे सतरा नवेच निघाले. आणि तो एक त्यात नाहीच!

"इंजेक्शनचं कुठाय?" मी विचारलं.

"ते कशाला? ते खरं हाय की. खऱ्याची कशी मागू?"

आप्पासो माझ्या कुंड्या बघायला लागले.

मग वही मिटून म्हणते, "आता तुमी."

"मी काय?"

"आवं, एकीनंच मागून कसं चालंल? दोगींनी मागायची असती."

मी काहीही केलेलं नाही, असं सांगून आत आले आणि दार लावलं. आप्पासोंची छत्री आत राहिली होती, म्हणून दार उघडून ती दिली आणि पुन्हा लावलं.

१२ सप्टेंबर

कागद घेतला. कोराच ठेवून तिला पाठवणार होते.

संध्याकाळपर्यंत एकतीस कलमं झाली.

१३ सप्टेंबर, शनिवार

बत्तिसावं लिहवत नाही. इथे लिहून बघते.

पुराचं साल. मगदुमांच्या घरात छातीभर पाणी, म्हणून दोघं नऊ दिवस माझ्या वरच्या खोलीत. चातुर्मास चालू. लग्न झाल्यापासून अक्काने चातुर्मासात कंदमूळ तोंडात घातलेलं नाही — आणि बोटीतून आलं काय, तर बटाट्याचं पोतं! तीन दिवस ती भिजवलेल्या पोह्यांवर. त्यात मधुमेह. चौथ्या दिवशी जिन्यात घेरी येऊन बसली.

मी बटाटे उकडले, जिरं-मिरची घातली आणि सांगितलं, कच्ची केळी मिळाली. तिने दोनदा वाढून घेतलं. "वैनी, केळी लय मऊ निघाली."

पुढचे पाच दिवस केळी वाढली.

पेशंट जगवला. मेट्रन म्हणून पुन्हा तेच करीन. पण व्रत तिचं, आणि मोडलं मी, तिला न विचारता. सहा वर्षं ती देवळात बिनघोर बसते आहे. हे सांगितलं तर ती जन्मात माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर बाकीची एकतीसही खोटी.

१४ सप्टेंबर, रविवार

अक्काकडे गेले. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत असतं, ते उरकल्यावर. कागद काढून उभ्यानेच वाचायला लागले.

कलम सात — तिच्या वरणाला मी सलाइन म्हणते. "मग रोज वाटी का मागवायचासा?" जिभेबद्दल मी एक सरसकट कलम घातलं होतं. ती म्हणाली, "सरसकट न्हाई चालत. तारीखवार." आप्पासोंना हसून हसून ठसका लागला. दोन वर्षांत इतकी हसले नव्हते मी. तिथेच थांबावंसं वाटलं.

मग बत्तिसावं वाचलं.

अक्काने चष्मा काढला. पदराने पुसला. आत गेली. आप्पासो हळू आवाजात म्हणाले, "वैनी, येवढं एक नसतं वाचलं तरी चाललं असतं."

नसतं चाललं.

१५ सप्टेंबर

त्यांच्या खिडक्या बंद. मी राणीला काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "अक्कांचा आज कडक उपास हाय. पानीबी न्हाई."

मधुमेहात निर्जळी! हे मी केलं. दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन आले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

राणीने वहीचं पान आणून दिलं. अक्काचं अक्षर —

"१८. पुरात पहिल्याच घासाला बटाटा ओळखला. भूक फार लागली होती. केळी म्हणाले ते तुम्हाला ऐकवायला नव्हे, देवाला. व्रत माझं मी मोडलं आणि सहा वर्षं पाप तुमच्या नावावर ठेवलं. गुरुवारी हे वाचायचा धीर झाला नाही. वैनी, क्षमा करा."

सहा वर्षं धास्ती मी घ्यायची, आणि ही ओळखून दोनदा वाढून घेणार! जाते. हे तिला तोंडावर सुनावल्याशिवाय मला घास उतरायचा नाही.