रिफंडमध्ये न आलेले सहा हजार नऊशे

प्रिय कादू,

व्हॉट्सॲपवर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं, म्हणून हे पत्र. तुझी मेधावहिनी ऑफिसला गेलीये. मी रजा टाकून इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये तुझा टॅक्स रिटर्न उघडून बसलोय. सकाळपासून सहाव्यांदा बघतोय. अगं, बघून आकडे थोडेच बदलणार आहेत! तीस हजार डॉलरची सोलर पॅनेल, त्यावर सरकारचं तीस टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे नऊ हजार. पण गेल्या वर्षी मे महिन्यात तुझी नोकरी गेली आणि वर्षाचा टॅक्सच झाला दोन हजार शंभर. क्रेडिटने तेवढाच पुसला, पगारातून कापलेला टॅक्स परत आला, बस्स. उरलेले सहा हजार नऊशे रोख मिळत नाहीत. ते पुढच्या वर्षीच्या टॅक्समधून वजा करायचे. पगारच नाही तर वजा कशातून करणार, सांग.

इथे आमच्या पगारातून टॅक्स कापतच नाहीत. वर्ष संपलं की बिल येतं आणि आपण हप्त्याने भरतो. रिफंड म्हणून काही असतं हे मी वीस वर्षांत अनुभवलेलं नाही. सरकार क्रेडिट देतं ते सरळ लाइट बिलातून वजा होतं, तुमचा टॅक्स असो वा नसो. तेच डोक्यात धरून मी, घरातला एकुलता एक अकाउंटंट, तुला छातीठोकपणे सांगितलं की पॅनेलच्या करारावर सही कर, नऊ हजार घरबसल्या येतील. डोंबलाचे येतात!

लहानपणापासून तुझा प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. अकरावीचा प्रवेश अर्ज, पासपोर्ट, घटस्फोटाची कागदपत्रंसुद्धा. दादाने बघितलंय ना, मग झालं, असं म्हणून तू न वाचता सही करायचीस. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

आता जूनपर्यंत ते नऊ हजार पॅनेलच्या कर्जात भरले नाहीत, तर हप्ता वाढणार. तो तुला झेपणार नाही, आणि मग तू आणि गार्गी, तुम्हा मायलेकींना टेक्सासचं ते घर सोडावं लागेल. माझी सगळी पुंजी सीपीएफमध्ये, म्हणजे इथल्या पीएफमध्ये अडकलीये, पंचावन्न पूर्ण होईपर्यंत हात लावता येत नाही. बाहेर आहेत ते दोन हजार आज पाठवतोय. पुढे काय करायचं, मला खरंच सुचत नाहीये गं.

काल तू मेधाला फोनवर म्हणालीस, दादाला बोलू नका, त्याला बिचाऱ्याला तरी काय माहीत होतं. कादू, मला माहीत होतं. तू गुरुवारी सही केलीस, आणि शुक्रवारी मी त्या क्रेडिटच्या टॅक्स फॉर्मच्या सूचना पहिल्यांदा नीट वाचल्या. करार रद्द करायला तुझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ होता. तुझ्या कंपनीत कपात होणार, हेही तू मला सांगितलेलं होतंस. फोन हातात घेतला होता मी. पण दादा चुकला, हे तुला सांगायची लाज वाटली. नोकरी टिकली तर दोन-तीन वर्षांत वसूल होतील, तिला कळणारही नाही, असं म्हणून मी फोन ठेवून दिला.

तुझाच, माफी मागायचंही तोंड नसलेला,
चारुदादा