माझा आकडा चिमीपेक्षा मोठा

ता. ९

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तू लहान मुलांची डॉक्टर, तुला लिहायचं तर आधी आजार नीट समजून घ्यायला हवा, आणि तो समजेपर्यंत मीच आजारी पडलो.

तुझा भाऊ कामासाठी परगावी, आणि इकडे त्याच्या चिमीला आठवडाभर ताप आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टायफॉइडसाठी रक्त तपासायला सांगितलं. लॅबवाला घरी आला आणि म्हणाला, आलोच आहे तर सगळ्यांचंच घेऊन टाकतो. मला ते पटलं. टायफॉइड काय एकट्यादुकट्याला होतो? चिमीचा आकडा आला एकशेसाठ, सूनबाईचाही तेवढाच, आणि माझा तीनशेवीस! डॉक्टर म्हणाले, घरभर टायफॉइड आहे, पण आजोबांचा जोरात आहे.

मला ताप नाही, सूनबाईलाही नाही, भूक चांगली लागते. पण आकड्यापुढे माणसाचं काय चालतं? खिडकीजवळची खाट मला दिली, चिमीला आतल्या खोलीत हलवलं. सूनबाई आधी माझं बघते, मग चिमीचं. गोळ्या तिघांनाही सुरू आहेत. पोरीचा ताप मात्र उतरत नाही, आणि कालपासून ती बोलतही नाही. आकडा लहान असून असं का, ते कळव. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, उत्तर त्याच्याचकडे दे.

तुझा आजारी बाप

ता. ९, दुपार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी खाटेवरून उठा, मग पुढचं वाचा.

या तपासणीत जंतू दिसत नाही. जंतूशी लढायला शरीराने जे तयार केलं, त्याची खूण दिसते. दाराला नवी कडी दिसली म्हणून चोर आज घरात आहे, असं होत नाही. तो कधीतरी येऊन गेला असेल, नाहीतर कोणी आधीच शहाणपणाने कडी बसवली असेल. लस म्हणजे तेच. भलत्याच तापातही हा आकडा वाढतो, आणि खऱ्या टायफॉइडमध्ये सुरुवातीला कधी येतही नाही. तुम्ही तर घरातल्या सगळ्या कड्या मोजल्यात आणि सगळ्यात मोठ्या कडीला झोपवून ठेवलंत.

आजारी चिमी आहे. तिला टायफॉइड असेलही, नसेलही. रक्त बाटलीत ठेवून त्यातून जंतू उगवतो का, ते पाहावं लागतं. ते गोळ्यांच्या आधी करायचं असतं. आता उगवेलच असं नाही, तरी पाहते. लघवी आणि छातीही तपासायची आहे. तिला आणि वहिनीला याच बसने माझ्याकडे पाठवा. पोरगी बोलत नाही, हे तुम्ही शेवटी लिहिलंत. ते पहिल्या ओळीत हवं होतं. तुमच्या आणि वहिनीच्या गोळ्या बंद करा.

तुमची ताई

ता. ११

चि. ताईस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चिमीला मीच उचलून बसपर्यंत नेलं. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि वजन काहीच नव्हतं. माझ्या खांद्यावर तिने मानही धरली नाही.

घरी आलो तर कोपऱ्यावरचे डॉक्टर दारात. मी उठून फिरतोय म्हणून माझ्यावरच रागावले. मी विचारलं, मला ताप नाही तर मला झालंय काय? म्हणाले, तुमचा टायफॉइड अंगात मुरलेला आहे. मी म्हटलं, या वयात बरंच काही मुरलंय, त्या सगळ्याच्या गोळ्या देणार का? लॅबवाला तर पुन्हा तपासून देतो म्हणत होता, आकडा उतरला की नाही बघायला. त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं.

ड्रायव्हरने निरोप दिला की दोष लघवीत सापडला, औषध बदललं आणि रक्ताच्या बाटलीचं अजून कळायचं आहे. ताप उतरला का, ते त्याला सांगता येईना. तो बिचारा गाडी चालवतो, मी त्याच्यावर उगीच ओरडलो.

घर रिकामं आहे. खाट मी आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि आता तिथे जाववत नाही.

मला आकडे कळवू नकोस. ती चिडली, रुसली, तुझ्या अंगावर औषध थुंकली, काहीही केलं तरी लिही. हल्ली ती रुसतसुद्धा नव्हती गं. बापावर माया असेल तर दोनच ओळी लिही, पण आजच्या बसने पाठव.

बाबा