म्हातारी, पिवळी आणि पाचवा दगड

८ फेब्रु., रविवार
शंकर आला. किन्हीराजा गावातला माहा साडभाऊ, हिच्या लहान बहिणीचा नवरा. खांद्यावर पिवळं मशीन. मातीतलं सोनं, चांदी, लोखंड हुडकायचं. नवं नाही, मंगरूळच्या रफिकभाईच्या भंगारात भेटलं त्याले. तरी माह्या म्हातारीपेक्षा, म्हणजे माह्या जुन्या मशीनपेक्षा, दहा-पंधरा वर्सानं लहान. उचलून पाह्यलं. लय हलकं. म्हातारी घेऊन तासभर फिरलो की माहा खांदा भरून येते, पण हे मी कोणाले सांगत नाही.
ही लगेच म्हणे, "जवाईबुवा, किती सोयीचं हाये हो!"
बावीस वर्सं म्हातारी वागवून राह्यलो. एक शब्द नाही. अन् त्याच्या चहात साखरबी जास्त होती, मी पाह्यलं.

९ फेब्रु.
झोप बरी नाही लागली. पिवळीच दिसत होती.
म्हातारी नळयोजनेवरची. पुरलेले पाइप, दबलेले व्हॉल्व हुडकायले होती. लिलावात निघाली तवा कोणी हात लावत नव्हतं, मी उचलली. तवापासून शेलूबाजारच्या आजूबाजूले कोण्या बाईची पोत वावरात तुटली, डोरलं पडलं, की माणूस माह्याच दारी. पैसा घेत नाही मी. सापडलं की ती बाई मशीनले हळद-कुंकू लावते, बस. मुठीवर थर झाला हाये. कधी धुतला नाही.
शंकरनं मागच्या आठवड्यात कोणाची तरी आंगठी काढून देल्ली म्हणे. त्याच्या मशीनलेबी हळद लागली असन. पिवळ्यावर पिवळं, दिसतबी नाही. तेवढंच समाधान.

११ फेब्रु., बुध.
शंकरले म्हटलं, ये, एकदाचं मोजून पाहू. कोणती किती खोल ऐकते.
मागच्या आवारात माहे पाच दगड हायेत, चुना लावलेले. सहा वर्सांआधी पुरलं एकेकाखाली. पह्यल्या चाराखाली जुने नाणे. चार बोटं, अर्धी वीत, पाऊण वीत, एक वीत. पाचव्याखाली दीड वीत, अन् तिथं नाणं नाही, हिचं चांदीचं जोडवं. एक सैल झालं होतं, म्हटलं दे. तवा काही बोलली नाही ती.
पह्यले तीन दोघींनीबी ऐकले. चौथ्यावर म्हातारीचा काटा नुसता थरथरला. पिवळी खणखणीत वाजली. शंकरचा चेहरा खुलला.
मग पाचवा. पिवळी मुकी. त्यानं तीनदा मशीनची खालची थाळी फिरवली, टेकवून फिरवली. काहीच नाही. मी म्हातारी नेली. कानात गुणगुण वाढली, काटा हालला. केसभर, पण हालला!
"मानलं दादा," शंकर म्हणे. कान धरले त्यानं.
ही ओसरीतून पाहून राह्यली होती. तिलेबी ऐकू जावं म्हणून मी जोरानं म्हटलं, दीड वीत! ती आत गेली.

१२ फेब्रु.
फाट्यावर चहाच्या हॉटेलात सांगितलं. सगळ्यायले. दोनदा. नवं सारं दिखाऊ असते म्हटलं. आज जेवण गोड लागलं.

१७ फेब्रु., मंगळ.
कसं लिहू. लिहितो.
सिंधूबाईची पोत हरभरा सोंगताना तुटली. सोन्याचे दोन मणी अन् डोरलं. बाई रडून रडून अर्धी झाली होती. मले बोलावलं, अन् तिच्या सुनेनं शंकरलेबी फोन केला. काहून? एक माणूस पुरत नव्हता का? तिथूनच माहं डोकं फिरलं.
मी वावराच्या मधातच ऐकलं. खोल, बारीक. अगदी पाचव्या दगडासारखं. "इथं हाये," म्हटलं, "खोल गेली." खणलं. उभ्या हरभऱ्याच्या तीन ओळी उपटल्या त्या लोकायनं माह्या शब्दावर. मांडीइतका खड्डा झाला. मातीच माती. मी म्हणे, अजून खाली. सिंधूबाईचा नवरा माह्याकडं पाहून राह्यला.
तेवढ्यात पिवळी वाजली, धुऱ्याकडं, बांधापाशी. काळ्या मातीची भेग होती, तिच्यात अर्ध्या वितीवर पोत. शंकरनं हात घालून काढली.
सिंधूबाईनं डबीतून हळद काढली. माह्या समोरून गेली ती. पिवळीले लावलं.
शंकर मले म्हणे, "वरच होती दादा, म्हून मले भेटली. खोलचं काम तुमचंच."
शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. चांगुलपणा सोसत नाही मले त्याचा. लय जळून राह्यलो.

१८ फेब्रु.
सकाळीच टिकास घेतली अन् पाचवा दगड उलथला. म्हटलं, जोडवं आहे त्या जागी आहे का पाहतो, मग म्हातारीले दोष नाही.
दीड वीत. दोन वीत. हातभर खणलं. आजूबाजूले खणलं. नाही.
ही भांडे घासून राह्यली होती. विचारलं. मान वर केली नाही.
"सवाशिणीचं जोडवं मातीत पुरत असतात का? दुसऱ्याच दिवशी काढलं मी. तुमी कामावर गेले होते."
"मंग गेलं कुठं?"
तिनं लुगडं थोडं वर घेतलं. दोन्ही पायात दोन जोडवे. डाव्याले दोरा गुंडाळलेला, सैल होतं म्हणून.
"सहा वर्सं? मले सांगितलं काहून नाही?"
"मले वाटलं, दिसन तुमाले एखांद्या दिवशी."

१८ फेब्रु., दुपारी
म्हणजे सहा वर्सं मी मातीच ऐकत होतो.
पुन्हा म्हातारी घेऊन गेलो पाचव्यापाशी. खड्डा उघडा, आत काही नाही हे डोळ्यानं दिसून राह्यलं. थाळी धरली. गुणगुण वाढली! मंग हाताकडं पाह्यलं. अंगठा काटा-आवाज वाढवायच्या बटणावर होता. जागा आली की अंगठाच फिरते, अन् मले पत्ता नाही. बटण सोडून पाह्यलं. म्हातारी गप.
चौथ्या दगडापुढं तिचा इलाका नाही. अन् चौथ्यावर पिवळी खणखणीत.
खड्डा बुजवला. दगड परत ठेवला जागेवर. काहून ठेवला ते विचारू नका.

२० फेब्रु., शुक्र.
शंकरचा फोन.
"दादा, एक मागू का? आमच्याकडं भेगा हातभर पडतात. पोत, डोरलं पार खाली जाते. पिवळीले पाचवं ऐकूच नाही आलं, मंग तिथं ती काय कामाची? तुमची म्हातारी मले द्या, पिवळी तुमी घ्या. अदलाबदल."
"अन् तुमचा खांदाबी दुखते म्हणे. अक्का सांगत होती."
म्हणजे हिले माहीत होतं. अन् सांगितलं कोणाले, तर त्याले!
मनातून आधीच हो आलं होतं. तोंडातूनबी निघालं, "ये रविवारी."
फोन ठेवला. ही दारात उभी. "त्याले जोडव्याचं सांगितलं?"
"काय?"
"काय म्हणजे? किन्हीराजाच्या बायका कोणाच्या भरोशावर राहतीन?"
"मशीन हाये ना त्याले."
ती पीठ मळाले बसली.

२१ फेब्रु.
दिवसभर हिशेब असा: सांगितलं तर पिवळी गेली, अन् फाट्यावर तोंड दाखवाची सोय नाही. नाही सांगितलं तर पिवळी माही. कोणाले कळणार?
हिले कळणार.
अन् तिकडं कोणीतरी बाई सिंधूबाईसारखी रडत बसन, अन् शंकर खड्डे करत राहीन. माह्यासारखे. त्याचा अंगठाबी फिराले लागन मंग. लोक त्याले हसतीन. हे लिहिताना बरं वाटलं मले. खोटं कायले लिहू, वाटलं.

२२ फेब्रु., रविवार
साडेनऊ. शंकर दहाच्या जीपनं येतो म्हणे.
पिवळीसाठी कोपऱ्यात खुंटी ठोकून ठेवली, हेबी लिहून ठेवतो. म्हातारी पुसाले फडकं घेतलं. मुठीवरची हळद निघत नाही. नखानं खरडली तर पापुद्रा निघाला, खाली आणखी हळद. मंग तशीच राहू देल्ली.
ही सूप घेऊन मागच्या आवारात गेली. तांदूळ निवडून राह्यली. रोज ओसरीत बसते, आज पाचव्या दगडाले टेकून बसली. पाय समोर पसरलेले. डाव्या जोडव्याचा दोरा बदललेला दिसून राह्यला, लाल.
"इथं काहून बसली व?"
"ऊन चांगलं हाये."
"शंकर येऊन राह्यला."
"येऊ द्या. मी इथंच हाये."
फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. चप्पल घालतो. म्हातारी घेऊन जाऊ का मोकळ्या हातानं जाऊन खरं सांगू, अजून ठरत नाही.