चार वाजून दहा मिनिटांचा उजेड

नरपड, रविवार दुपार

ती. दक्षाताईस,

धाकट्या सुनिलचा वाकून नमस्कार.

तब्येत कशी आहे हे मुद्दामच विचारत नाही. गेलं वर्षभर फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच ठेवलं तरी उरलेलं तिथंच वाट बघत बसतं. इकडे आम्ही दोघं ठीक. प्रगतीचा गुडघा पायऱ्यांवर कुरकुरतो आणि तेवढ्यापुरती मीही कुरकुर करतो. चिकू पाठवले होते ते पिकले की तसेच राहिले, ते कळव.

पत्रास कारण भावोजींचा फिशटँक. (त्यात एकही फिश नाही, नुसतं कोरल आहे. म्हणून मासळीवाल्या सोनीबाई त्याला 'रिकामा टँक' म्हणतात.) वर्षश्राद्धानंतर तू म्हणालीस, हे घेऊन जा, मला बघवत नाही. मी मोठ्या तोऱ्यात तलासरीहून टेम्पो भरून निघालो. आता तुला एक कबूल करतो. आशागडच्या स्पीडब्रेकरवर बादलीतलं खारं पाणी उसळलं आणि भावोजींनी स्वतःच्या हातांनी जोडलेला दिवा त्यात भिजून गेला. तो दिवा पुन्हा लागला नाही. वायरमन माणसाने केलेली वस्तू, आत काय कशाला जोडलंय ते त्यांनाच ठाऊक. आणखी एक, तुझ्याकडची त्यांची वेताची खुर्चीही टेम्पोतून इथे उतरली. मी ती चढवली नव्हती. ड्रायव्हर म्हणतो त्यानेही नाही. तूही चढवली नसशील असं वाटतं, पण विचारायचा धीर झाला नाही.

तर दिवा. मला वाटलं, कोरल म्हणजे एक प्रकारचं झाड, लावू ट्यूबलाइट. (ते झाड नसून प्राणी आहेत हे मला मागाहून कळलं. दगडी जातीचे पाळायला कायद्याने बंदी, म्हणून भावोजींनी मऊ जातीचेच ठेवले होते. नियमाचा माणूस!) आठ दिवसांत सगळी काळपट पडली आणि माना लांब करून वर बघायला लागली, बसच्या खिडकीतून स्टॉप येतोय का बघावं तशी. उजेड कमी पडतोय म्हणून मी मंडपवाल्या काकड्याकडून लग्नातला हॅलोजन आणला. काकड्या म्हणाला, "एक लावा, अख्खी वरात दिसते." वरात दिसली असेल, पण तासाभरात पाणी कोमट झालं आणि कोरलं मिटून पांढरीफटक पडली. मी दिवा काढला आणि बराच वेळ हात पुसत उभा राहिलो. भावोजींनी सहा वर्षं जपलेलं मी एका दुपारी उकडत आणलं होतं.

शेवटी वापी गाठली. तिथल्या फिशटँकच्या दुकानदाराने माझी कहाणी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "भाई, याला सूरज नाय, समुद्र पायजे. पाण्याच्या खाली निळाच उजेड पोचते. निळा जास्ती, सफेद कमी. दिवा वीतभर वर टांगा. पेल्ला आठवडा वीस टक्का, मग हळूहळू." तसला निळा दिवा घेऊन आलो आणि पेल्ला आठवडा मी वीस टक्क्याच्या वर गेलो नाही. मागची खोली मात्र अशी निळी झाली की आपण तळाशी बसलोय आणि घर वर कुठेतरी आहे असं वाटे. त्या उजेडात पांढरं सगळं पेटून उठतं. प्रगती हसली तर नुसते दात हसतात. मी तिला त्या खोलीत हसायची बंदी केली. (तिने माझ्यावर बोलायची केली.)

नऊ दिवस कोरलं मिटलेलीच. दहाव्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आलो आणि टँकसमोर उभा होतो. चार वाजून दहा मिनिटांनी, ताई, ती उघडली. एकेक करून नाही, कोणी दारात आल्यावर घरातली माणसं उठतात तशी, सगळी एकदम. आणि दिव्याकडे वर बघायचं सोडून ती आडवी वळली, वेताच्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, चार-दहा. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. चौथ्या दिवशी कोरलं खिडकीकडे वळली.

मी विज्ञान मानणारा माणूस आहे, म्हणून देवघरात दिवा लावून पुन्हा तिथे आलो.

गेल्या सोमवारी सोनीबाई मागच्या दाराने आल्या. मी स्वयंपाकघरात होतो. त्या पाटी उतरवून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे पाहुणे बोलत नाय काय? बोंबील पायजे का इचारला, तं नुसते टँककडंच बघतात." पाहुणे कोणी नाहीत, म्हटलं. आत जाऊन बघतो तर खुर्चीच्या पाठीवर माझा पांढरा सदरा, निळ्या उजेडात झगझगीत पेटलेला. मी हसत बाहेर आलो. "सोनीबाई, तो माझा सदरा आहे." त्या पाटी डोक्यावर घेत म्हणाल्या, "सदऱ्याला चष्मा असते काय?" तेव्हापासून त्या पुढच्या दाराने येतात आणि मी चष्मा लावत नाही हे मला दिवसातून दोनदा आठवतं.

मी घाबरलो, असं प्रगती म्हणेल. तिचं ऐकू नकोस. मला एवढंच सांग, भावोजी चारच्या सुमाराला काय करायचे? ड्युटीवरून येऊन तिथे बसायचे का? टँकशी काही बोलायचे का? मला ते शब्द कळव, मी म्हणून बघतो. मी "कसं काय, बरं आहे ना" म्हणतो, पण कोरलांना ते लागू पडत नाही.

टँक उत्तम आहे, काळजी नसावी. तुझ्या जिवाला जप.

तुझा,
सुनिल

ता. क. : शब्द लिहून कळवू नकोस. येऊन सांग. एकच दिवस ये. चारच्या आधी ये आणि खुर्चीत तू बस. मला वाटतं कोरलं तुलाही ओळखतील.

ता. क. २ (हे अक्षर माझं, प्रगतीचं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं) :

ताई, नमस्कार. यांनी लिहिलेलं सगळं खरं मानू नका. नवीन दिव्याला टायमर आहे. तो मीच लावला आणि निळा उजेड चार-दहालाच वाढतो. खिडकी पश्चिमेची, चारनंतर तिथून ऊन येतं, म्हणून ती तिकडे वळली. सोनीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. हे सगळं मी यांना त्या-त्या वेळीच सांगितलं. हे "हो हो" म्हणाले आणि तरी रोज अर्धी रजा टाकून चारच्या आत घरी येतात. खुर्चीसमोर जमिनीवर बसतात आणि मुकेश भावोजींना ऑफिसातलं सांगतात. तुम्ही रडलात, आम्ही सगळे रडलो. हे तेव्हा मंडप बघत होते, जेवणावळ बघत होते. यांचं राहूनच गेलं. तुम्ही टँकसाठी येऊ नका, भावासाठी या.

आणि एक, हे यांना अजून सांगितलेलं नाही. गेल्या गुरुवारी हे पालघरला गेले होते. सकाळपासून वीज नव्हती. दिवा बंद, पंप बंद, आणि खिडकीवर मी जाड चादर टाकली होती. चार-दहाला मी सहज आत डोकावले. सगळी उघडलेली होती. वाऱ्यावर हलावीत तशी सावकाश हलत होती, खुर्चीकडे तोंड करून. मला भीती नाही वाटली. स्वयंपाकघरात जायला खुर्चीच्या पुढून वाट आहे. मी पुढून गेले नाही. पदर सावरून मागून गेले, मोठं माणूस बसलेलं असताना जातात तशी.

प्रगती