देवमाशाचा ठराव

१ डिसेंबर १९९६, रविवार

आज मंडळाच्या सभेत इतिहास घडला. बारामती निसर्गमित्र मंडळाचा संस्थापक-अध्यक्ष या नात्यानं मी ठराव मांडला की, मंडळानं कोकणात जावं, बोटीत बसून भर समुद्रात देवमासा आणि समुद्रपक्षी बघावेत. पुरवणीत देवमाशावर अख्खं पान आलं होतं, ते उभं राहून वाचून दाखवलं. त्याची नुसती जीभ हत्तीच्या वजनाची असते हे ऐकल्यावर सगळे गार. टाळ्यांच्या गजरात मंजूर.

एकटा संघपाल वाकड्यात शिरला. हा आमचा सेक्रेटरी, हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवतो. म्हणे, साहेब, बंदर कुठलं? बोट कुणाची? तिथं देवमासा दिसतो का? मी म्हणालो, आधी स्वप्न मोठं बघायला शिका, तपशील मागून येतो. दुर्बीण विकत घेतली की माणसाला वाटतं आपल्याला सगळंच दिसतं. डोकं उठलं.

घरी येऊन स्वरूपाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, देवमासा राहू द्या तुमचा, मला भिगवणला नावेत कधी बसवताय? मी अरबी समुद्राबद्दल बोलतोय आणि ही माहेराच्या बांधावरून हलायला तयार नाही. बांध तरी कुठं राहिलाय! उजनीच्या पाण्याखाली जाऊन युगं लोटली.

८ डिसेंबर, रविवार

संताप, संताप.

संघपालनं मला न विचारता एसटीडी बूथवर जाऊन रत्नागिरीच्या मित्राला फोन केला. मित्र म्हणे, देवमासा फार आत असतो, कुणी तिकडं पाहुण्यांना नेत नाही. कुणी सांगितलं होतं विचारायला? न विचारल्यानं जी कामं सुरळीत चालतात, त्यांच्याबद्दल विचारायचं नसतं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होईपर्यंत मी हे एकच तत्त्व पाळलं.

वर पठ्ठ्यानं उपसूचना मांडली. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आलेत, समुद्रावरचे कुरव आलेत, तासाभराचा रस्ता, होड्या तयार. मागून कुणीतरी ओरडलं, समुद्रावरची पाखरं सोता उठून आपल्याकडं आल्यात, मग आपण कशाला उलटं तिकडं जायचं? सगळे हसले. सगळ्यांचे हात वर. माझा ठराव आठवड्यात बुडाला. या तालुक्याला मोठं काही सोसतच नाही!

घरी तर कहरच. संघपालच्या बायकोनं, मेघनानं, बातमी आधीच पोचवलेली. स्वरूपानं ट्रंकेतून डाळिंबी साडी काढून वाळत घातली होती.

त्याचं असं आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही त्या पाण्याच्या काठावर उभे होतो. हिचं गाव नुकतंच गेलेलं. ही रडत होती, म्हणून मी बोलून गेलो की तुला नावेत बसवून बरोबर तुमच्या घरावर नेऊन दाखवीन. नवी नवरी रडत असताना कुठलाही सज्जन माणूस असंच बोलेल. त्यानंतर कधी पाणी फार होतं, कधी कमी होतं, कधी वारं होतं, कधी माझ्या ऑफिसात इन्स्पेक्शन होतं. यात माझा दोष कुठं येतो ते मला कुणी दाखवून द्यावं.

१० डिसेंबर

आज आईनं चारचौघांत अब्रू घेतली. शेजारच्या कुशाबाई बसल्या होत्या, त्यांना सांगत होती की, आमचा सर्ज्या बारका असताना सांगवीला पाटात पडला, म्हशीच्या शेपटाला धरून निघाला, तवापासनं घागर डोक्यावर घेतली तरी वरडायचा.

खोटं. मी पडलो नव्हतो, उतरलो होतो. आणि पाण्याला मी घाबरेन? अर्ध्या तालुक्याला पाणी माझ्या टेबलावरून सुटतं! सही साहेबांची असते, पण कोपऱ्यात माझी बारकी सही नसेल तर साहेबांचा पेन चालत नाही.

तरी पूर्वतयारी म्हणून संकल्प: रोज सकाळी झोपाळ्यावर उभं राहून तोल साधणे. होडी म्हणजे झोपाळाच, खाली पाणी एवढंच.

११ डिसेंबर

झोपाळ्याच्या कड्या ढिल्या आहेत. घेरी आली ती कड्यांमुळे. आई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. कड्या नीट होईपर्यंत संकल्प स्थगित.

१५ डिसेंबर, रविवार

कुणाला न सांगता एसटीनं भिगवणला जाऊन पूर्वपाहणी केली. अध्यक्षानं करायलाच हवी. सभासदांच्या जिवाची जबाबदारी आहे.

होडीवाला सावळाराम. उर्मट माणूस. मी एक पाय होडीत ठेवला आणि दुसरा काठावरच ठेवून निरीक्षण सुरू केलं. होडी सरकायला लागली. पाय लांब लांब जायला लागले. शेवटी मी स्वतःहून बाहेर पडलो. पडलो म्हणजे निघालो.

मी त्याला खडसावलं, तुझी होडी हलते. तर म्हणतो, सायेब, नाव हाय, हलणारच. जे हलत न्हाय त्याला घर म्हनत्यात. सरकारी माणसाशी बोलायची ही पद्धत?

एक गोष्ट मात्र तो उपयोगाची बोलला. धा वाजलं की वारं सुटतंय, मग मी नाव घालत न्हाय, कितीबी मोठा सायेब येऊ द्या. ही माहिती मी मंडळाला दिलेली नाही. लोक उगाच घाबरतात.

घरी आलो. स्वरूपानं पँट धुवायला घेतली. चिखल एकाच पायाला, मांडीपर्यंत. तिनं पँटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते, त्याचीही सोय ठेवली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज सभेत मी सगळी सूत्रं पुन्हा हातात घेतली. मंडळाची पहिली नौकासफर, ती अशीच पायजमा खोचून निघायची? उद्घाटन पाहिजे. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, आभार. माईक पाहिजे. कार्यक्रम १९ जानेवारीला, सकाळी सात वाजता.

प्रमुख पाहुणे म्हणून मी दूध संस्थेचे चेअरमन रावजीतात्या सुचवले. तात्या वेळेचे अत्यंत पक्के. आजवर कुठल्याही समारंभाला तीन तासांच्या आत आलेले नाहीत.

संघपाल म्हणाला, साहेब, पक्षी सकाळीच बघायचे असतात आणि माईक कशाला? मी ताडकन विचारलं, तात्यांनी काय खुणा करून बोलायचं? माईक यादीत चढला. विजय.

१४ जानेवारी १९९७, संक्रांत

पौष लागलाय. पौषात नवं काम काढत नाहीत, सफर फाल्गुनात ढकलू, असं मी तिळगूळ देता देता संघपालला सुचवलं. तो हसून म्हणाला, साहेब, आम्ही पौष पाळत नाही आणि पक्षीही पाळत नाहीत, फाल्गुनात कुरव परत गेलेले असतील. माझा तिळगूळ खाऊन माझ्याशीच असं बोलतो! गोड बोला म्हणायचं ते अशा लोकांना.

स्वरूपानं तिळगुळाच्या दोन पुड्या वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. कुणासाठी म्हणून विचारलं. म्हणाली, गावाला द्यायच्यात. दर संक्रांतीला अख्खी आळी यायची आमच्या दारात. एक माझी, एक जावयाची.

मग भाजीत मीठ जास्त झालंय यावरून ओरडलो.

१८ जानेवारी

अंगात बारीक कणकण वाटते. थर्मामीटर खराब आहे, काही दाखवत नाही.

१९ जानेवारी, रविवार, पहाटे

निघतो आहे. मन शांत. सात वाजता कार्यक्रम, तात्या दहाला येणार, दहाला वारा सुटणार. निसर्गापुढं कुणाचं काय चालतं? स्वरूपा तासभर आधीच तयार होऊन पायरीवर बसली आहे.

१९ जानेवारी, संध्याकाळी

कुणाकुणावर चिडू?

आधी रावजीतात्या. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस वेळेच्या आधी पोचला. का, तर नऊ वाजता दुसरीकडं सत्कार होता! सत्कारांची इतकी हाव बरी नव्हे.

मग माईकवाला. ट्रॅक्सच्या टपावर कर्णा बांधलेला. समोर पाण्यावर लांबच लांब गुलाबी पट्टा होता. धुकं होतं, संघपाल सगळ्यांना आळीपाळीनं दुर्बीण देत होता, बायकासुद्धा कुजबुजत बोलत होत्या. आणि मी माईकमध्ये फक्त एवढंच म्हणालो, हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. पट्टा उठला. अख्खा पट्टा. पंखांखालचा लालभडक रंग उघडा पडला आणि हजारो पाखरं आमच्या डोक्यावरून वळसा घेऊन पार पलीकडं गेली. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी दगड मारला. वास्तविक इतके पक्षी एकदम उडताना दिसले ते कुणामुळे? त्याबद्दल आभारप्रदर्शनात एक शब्द नाही.

तात्या दोन वाक्यं बोलले, नारळ होडीच्या नाकावर फोडला, शाल काखेत मारून गेले. वेळ उरला.

मी जाहीर केलं की पक्षी उडाले, सबब सफर रद्द. तर सावळाराम म्हणतो, उडाली म्हंजी मेली का काय? ती काय, जुन्या गावावर बसल्यात. बसा पटापटा, वारं सुटायच्या आत न्हेऊन आणतो.

जुनं गाव म्हणजे कुठलं ते मी विचारलं नाही. स्वरूपाच्या तोंडाकडं बघून कळलं. इतका वेळ अलीकडच्या काठाला बसलेली पाखरं माझ्या माईकनं नेमकी हिच्या घरावर नेऊन बसवली.

दोन होड्या भरल्या. नाव म्हंजी लक्ष्मी, चपला काढून या, असं सावळाराम प्रत्येकाला सांगत होता. काठावर चपलांचा ढीग. स्वरूपा चढली, न डगमगता, साडी वर धरून. शेजारी जागा ठेवली. हात पुढं केला. म्हणाली, या ना. एवढंच.

सगळे बघत होते. तेवढ्यात एक कुत्रं दिसलं आणि मला माझी जबाबदारी आठवली. मी मोठ्यानं म्हणालो, सगळेच गेलो तर चपला कोण सांभाळणार?

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. स्वरूपानं हात मागं घेतला. बरं, म्हणाली.

होड्या लहान लहान होत गेल्या. डाळिंबी साडी बराच वेळ ओळखू येत होती, मग ती पण दिसेना. मी चपलांजवळ उभा होतो आणि मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. धुक्यानं येतं तसं. मी एकदासुद्धा नजर काढली नाही पाण्यावरून.

तिथंच घात झाला. त्या हलकट कुत्र्यानं मागून येऊन एक चप्पल नेली. एवढ्या ढिगातून नेमकी स्वरूपाची, डाव्या पायाची. बाभळींत शोधली, ओरडलो, दगड मारले. मिळाली नाही.

होड्या आल्या. सगळे एकदम बोलत होते, रोहित किती जवळून, कुरव कसे पाण्यावर सूर मारतात. स्वरूपा शेवटी उतरली. तिचा असा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता, धुऊन काढल्यासारखा. तिनं एका चपलेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिनं घातल्या आणि फटाक फटाक वाजवत ट्रॅक्सकडं निघाली. माझ्या पायात बाभळीचा काटा गेला. या तालुक्यात रस्ते कधी होणार?

घरी आल्यावर आईला सगळं सांगत बसली. सावळारामनं वल्हं थांबवून जागा दाखवली, खाली काही दिसत न्हाय, नुसतं हिरवं पाणी, पण आत्या, मला वट्टा कळला, चुलीची बाजू कळली. पुडी सोडली तर कागद तरंगला आणि तीळ खाली गेले. आई पदरानं डोळे पुसत होती. मी दारात उभा होतो. मला कुणी काही सांगितलं नाही.

मग तिनं उठून दुसरी पुडी फळीवर माझ्या डब्याशेजारी ठेवली. म्हणाली, तुमचा वाटा मी टाकला न्हाय. जावयाचा जावयानं टाकायचा असतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर सभा. पहिल्या सफरीचं कौतुक. माझं कुणी केलं नाही, तेही ठीक. पुढची सफर नऊ फेब्रुवारी, माईकशिवाय.

चपलांची जबाबदारी अध्यक्ष म्हणून मी पुन्हा घेतो, असं मी लगेच उभं राहून सांगितलं. तेव्हा आजवर सभेत कधी तोंड न उघडलेली माझी बायको उठली. नव्या चपला घालून आली होती. तिनं ठराव मांडला की, अध्यक्षांच्या ताब्यातली चप्पल कुत्र्यानं नेली आहे, तरी यापुढं चपला त्यांच्याकडं न देता त्यांना स्वतःला नावेत बसवण्यात यावं. अनुमोदन द्यायला संघपाल, कुशाबाई आणि मेघना एकदम उठले. टाळ्यांच्या गजरात मंजूर.

सकाळी निघताना फळीवरच्या पुडीला मुंग्या लागल्या होत्या. स्वरूपानं ती झटकून नव्या कागदात बांधली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

सभा संपता संपता मी ऐनवेळच्या विषयात कोकणचा देवमाशाचा ठराव पुन्हा मांडून बघितला. अनुमोदक मिळाला नाही.