उलटं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ. प्रताप नगर

दंड माफ झाला. मग तो हात डोळ्यांपुढून का जात नाही?

परवा मॉलवाल्यांनी गाडीच्या काचेवर दंडाची चिठ्ठी लावली होती. दिव्यांगांच्या पार्किंगमध्ये गाडी आणि दिव्यांगाचं कार्ड नाही म्हणे! आज बाबांना गाडीतच बसवून मी वर भांडायला गेलो. मॅनेजर म्हणाला, "कार्ड उलटं होतं जी, आम्हाले कसं समजन?" मी स्वतः डॅशबोर्डवर सरळ ठेवलं होतं. म्हणून मीच कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं. का मागितलं?

त्यात मी डिकीतून व्हीलचेअर काढतोय. समोरून दोघं येतात, बाबांचे जुने विद्यार्थी. बाबांनी शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवली. ते दोघं जवळ पोचायच्या आत बाबांचा हात पुढे येतो आणि कार्ड उलटं करतो.

मॅनेजरच हळूच म्हणाला, "राहू द्या जी, दंड नाही घेत."

खाली आलो तर बाबांनी विचारलं, "काय दिसलं गा कॅमेऱ्यात?"

"काही नाही. सगळं अंधुक होतं."

कार्ड आजही उलटंच होतं. बाबांनी तोच हात पुढे केला आणि ते सरळ करून ठेवलं.