रखमाजींच्या देवातले तर्कदोष

१ जानेवारी १९९७, बुधवार
अंबडच्या खतवाल्याने फुकट दिलेली डायरी. पानाच्या तळाशी हरभऱ्यावरच्या अळीचे उपाय आहेत, तरी वापरणार.
संकल्प : या वर्षी लग्न करायचंच. दुसरा संकल्प : लग्नासाठी तत्त्वाशी तडजोड नाही. मी जालन्यात ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. जे सिद्ध होत नाही ते मानत नाही, देवासकट.
हे दोन्ही संकल्प एका वर्षात कसे बसणार, असं तातेराव म्हणाला. तातेराव इंग्रजी शिकवतो, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन नाही.

५ जानेवारी, रविवार
आईने धावड्याहून कळवलेलं स्थळ पाहिलं. वाटूर. मुलगी शिवकन्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडील रखमाजी, मोसंबीची बाग. आई नंदाबाई.
शिवकन्येने स्वतःहून एकच प्रश्न विचारला. तुमच्या विषयात पोरं लई नापास व्हतात का? मी म्हटलं, अर्धीअधिक. ती हसली. हसली म्हणजे विषयात रस आहे.
रखमाजींनी विचारलं, देवाला मानता का सर? मी म्हटलं, पुरावा दिलात तर अवश्य मानीन. नंदाबाई शिऱ्याची दुसरी वाटी घेऊन येत होत्या, त्या दारातूनच परत गेल्या.
जालन्यापर्यंत एसटीत उभा होतो. पुढची जागा केव्हाच रिकामी झालेली, हे कंडक्टरने सांगितल्यावर कळलं. एरवी मी पूर्ण शांत आहे.

८ जानेवारी, बुधवार
दोन दिवस तासावर लक्ष नाही. अकरावीला बारावीचा धडा शिकवला. वर्गातून कोणी हरकत घेतली नाही, ही शिक्षणाची अवस्था.
रखमाजी समंजस आहेत असं निरोपावरून दिसतं. म्हणाले, पोरगं चांगलं आहे, पण देवाचं काय ते एकदा बोलून घेऊ. समंजस माणूस शुद्ध युक्तिवाद मान्य करतो. न केल्यास तो समंजस नाही. म्हणजे रखमाजी मान्य करणारच.
फूलस्केपवर ईश्वराच्या अस्तित्वाचे सगळे युक्तिवाद काढले, प्रत्येकापुढे दोष. छान दिसतंय.
तातेरावच्या घरात देव्हारा नाही. धम्म स्वीकारलेलं घर, बायको मात्र देव मानणाऱ्या माहेरची. त्यामुळे तो माझ्या बाजूचा असायला हवा. पण म्हणतो, भुजंगराव, मी सासऱ्यापुढं आजवर बिलकुल वाद घातला न्हाई. सासरा आरती म्हणतो तव्हा मी म्हशीला पाणी दाखवतो. आधी लग्न करा.
बायकोच्या हट्टापुढे त्याने विवेक गमावलेला आहे, हे त्याच्या तोंडावर म्हणालो नाही.

१२ जानेवारी, रविवार
वाटूर. चर्चा झाली. उत्तम झाली.
रखमाजींचा पहिला मुद्दा : भाकर काय आपोआप थापली जाती का? कोणाचा तरी हात लागतोच. तशी ही दुनिया. मी विचारलं, मग दुनिया थापणाऱ्याला कोणी थापलं? ते म्हणाले, भाकर खाताना थापणारीच्या आईचं नाव कोणी इचारतं का, सर? हा विषयांतराचा दोष. नोंदवून घेतला.
दुसरा मुद्दा : एवढी दुनिया मानती, ती काय येडी आहे? बहुसंख्येचा दोष. मी म्हटलं, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हेही एकेकाळी सगळी दुनिया मानत होती. ते म्हणाले, अजून बी फिरताना दिसतो.
तिसरा मुद्दा : बहात्तरच्या दुष्काळात खंडोबाला नवस बोलले आणि विहिरीला पाणी लागलं. हा काकतालीय न्याय. कावळा बसला, फांदी मोडली, म्हणून कावळ्याने मोडली असं होत नाही. मी विचारलं, मामा, नवस बोलून पाणी लागलंच नाही असं कोणी होतं का? त्यांनी हातातली सुपारी परत पानदानात ठेवली. मग म्हणाले, माझे थोरले भाऊ. त्याच साली गेले.
गुण माझा. नंदाबाई आत निघून गेल्या.
शिवकन्येने पाणी आणून ठेवलं. कोणी मागितलं नव्हतं. मान खाली होती, बहुधा युक्तिवाद मनात घोळवत असावी.

१५ जानेवारी, बुधवार
काल संक्रांत. जालन्याच्या मीटिंगला आलेल्या वाटूरच्या मास्तरांच्या हाती शिवकन्येने तिळगूळ पाठवला. निरोप : जरा गोड बोला.
सणाला सगळेच हे म्हणतात. त्यातून व्यक्तिगत निष्कर्ष काढणं चूक.
दुपारी : पण 'जरा' हा शब्द नेहमीच्या वाक्यात नसतो.
संध्याकाळी : तिळगूळ खाल्ला नाही. कपाटात ठेवलाय. मुंग्यांसाठी खाली पाण्याची बशी ठेवली.

१९ जानेवारी, रविवार
रखमाजींचा निरोप. वादाचं जाऊ द्या म्हणाले. त्यांच्या घरची रीत अशी : सोयरीक पक्की करण्याआधी देवापुढे गहू मांडायचे, घरच्या लेकीने त्यातून चिमूटभर उचलायचे आणि दोन-दोन दाणे बाजूला काढत जायचं. सगळे जोडीने निघाले तर देवाचा होकार. एक उरला तर नकार. पुढल्या रविवारी या.
शुद्ध अंधश्रद्धा. जाणार नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
न जाणं हा पळपुटेपणा ठरेल. निरीक्षक म्हणून जाणार. निरीक्षकाने नवा शर्ट घालू नये असा काही नियम नाही.
तातेराव सोबत येतो म्हणाला. बोलवलेलं नाही. तुमच्यावर नजर ठेवायला कोणीतरी पाहिजे, असं म्हणाला.

२६ जानेवारी, रविवार
सकाळी कॉलेजात झेंडावंदन, दुपारी वाटूर. सगळं क्रमाने लिहितो, कारण आजचा दिवस माझ्या वैचारिक आयुष्यात महत्त्वाचा आहे.
देव्हाऱ्यापुढे पाट, पाटावर गव्हाची रास. शिवकन्या झेंडावंदनाच्या पांढऱ्या साडीतच होती. तिने चिमूट उचलली, पाटाच्या रिकाम्या बाजूला दाणे ठेवले आणि दोन-दोन करत सरकवू लागली. हात भराभर चालत होता. मी मोजायचं ठरवलं होतं, पण लक्ष बोटांकडे राहिलं. सगळे जोडीने निघाले. एकही उरला नाही.
नंदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. रखमाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, जमलं म्हणायचं. ताटलीत पेढे आले. तातेरावने पेढा तोंडात घातलासुद्धा. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.
तेवढ्यात रखमाजी म्हणाले, बघा सर, देवानंच होकार देला. आता तरी मानता का?
एवढंच गिळायला हवं होतं असं तातेराव म्हणतो. पण विषय सत्याचा होता. मी म्हटलं, मामा, दाणे सम येण्याची शक्यता अर्धी असते. एका प्रयोगावरून निष्कर्ष निघत नाही. पुन्हा करू, आणि या वेळी दाणे मी उचलीन, मी मोजीन.
तातेरावने माझ्या पायावर पाय दिला. आधी हळू, मग पूर्ण वजनाने.
शिवकन्या म्हणाली, ऱ्हाऊ द्या ना, सर. पाच तारखेच्या त्या एका प्रश्नानंतर ती प्रथमच माझ्याशी बोलली. संकोची स्वभाव.
रखमाजी म्हणाले, देवाला दोनदा इचारत न्हाईत. मी म्हटलं, म्हणजे परीक्षेची भीती वाटते. त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, घ्या. बराबर मोजा.
मी उचलले. मोजले. एक दाणा उरला.
मग मी सविस्तर समजावून सांगितलं. एकाच देवाने एकाच बैठकीत त्याच प्रश्नाला होय आणि नाही म्हटलं. दोन्ही खरं असू शकत नाही. जो सर्वज्ञ आहे तो असा घोटाळा करणार नाही. म्हणून असा देव नाही. सिद्धता पूर्ण. कोणालाही खोडून काढता आली नाही. कोणी प्रयत्नही केला नाही.
रखमाजींनी तो उरलेला दाणा उचलून देवापाशी ठेवला. म्हणाले, शेवटचा शब्द देवाचा. या तुम्ही.
चहा आलाच नाही. परतीच्या एसटीत तातेराव माझ्या शेजारी जागा असून मागे जाऊन बसला.

२९ जानेवारी, बुधवार
जुनी श्रद्धा सुटायला वेळ लागतो. रखमाजींना आठवडाभर द्यायला हवा. निरोप तेच पाठवतील.

२ फेब्रुवारी, रविवार
निरोप नाही. एसटीडीवरून फोन केला. नंदाबाईंनी उचलला. ते बागेला पाणी देऊन राह्यले, म्हणाल्या, आणि ठेवला.
विधान खरं असू शकतं. बागेला पाणी लागतंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सराव परीक्षेचे पेपर तपासतोय. एकाच पोराचा पेपर दोनदा तपासला, एकदा पास केला, एकदा नापास. खोलीत फेऱ्या मारल्या. घरमालकीण वर येऊन विचारून गेली, कोणी आजारी हाय का.
मी अस्वस्थ नाही. हे वाक्य आधी दोनदा लिहून खोडलं, कारण अक्षर नीट आलं नव्हतं.
'ऱ्हाऊ द्या ना, सर' या वाक्याचं विश्लेषण करतोय. विनंती आहे. विनंती खरी किंवा खोटी नसते. मग ती करतात कशासाठी?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
तातेरावने बातमी आणली. शिवकन्येसाठी परतूरचा वसंता नावाचा मुलगा पाहिलाय, पंचायत समितीत नोकरी. तिथेही गहू मांडले. पहिल्याच खेपेला जोडीने निघाले. वसंताने पेढा खाल्ला आणि नमस्कार केला.
मी म्हटलं, एका प्रयोगावरून निष्कर्ष निघत नाही. तातेराव म्हणाला, निघाला की. साखरपुडा शिवरात्रीनंतर हाय.
जेवलो नाही. मेसची भाजी वाईट होती. म्हणजे, असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार
उपाय सापडला. माझ्या प्रश्नावर दोन प्रयोग झाले, दोन्हींचे निकाल परस्परविरुद्ध. म्हणजे प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अजून खुला आहे. तिसरा प्रयोग घेणं आवश्यक. यात तत्त्वाला कुठेही धक्का लागत नाही. उद्या पहिल्या गाडीने वाटूर. रखमाजींना हे पटवायला पाच मिनिटं पुरतील.

१६ फेब्रुवारी, रविवार
रखमाजी बागेत होते. सुकलेल्या फांद्या छाटत होते. मी उभ्याउभ्याच तिसऱ्या प्रयोगाची गरज मांडली. मांडणी नेहमीसारखी झाली नाही, दुसरं आधारविधान आधी आलं.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, सर, तुमच्या हिशोबानं तिथं कोणीच न्हाई. मंग तिसऱ्या बारीला इचारणार कोणाला?
फूलस्केपवरच्या एकाही दोषात हे बसलं नाही.
मी म्हटलं, मामा, प्रयोगाचं सोडा. मला तुमची मुलगी पसंत आहे. फार.
त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, हे पैल्या दिवशी म्हणायचं व्हतं. आम्ही तुम्हाला देव इचारला, तुम्ही त्याच्यावरच अडून बसले. आता परतूरला शब्द देऊन आलो. एक मोसंबी तोडून माझ्या हातात दिली आणि परत फांद्या छाटायला लागले.
फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा होतो. शिवकन्या आली. सोबत शेजारची म्हातारी होती, ती जरा लांब थांबली. शिवकन्या म्हणाली, एक सांगायचं व्हतं सर, मंग माझ्या मनाला सुटं व्हईल. त्या दिवशी पैल्या बारीलाच एक दाणा उरल्ता. मी अंगठ्याखाली धरला. देवाच्या म्होरं. आजवर असं केलं नव्हतं मी.
मी विचारलं, पुरावा काय?
सवयीने गेलं तोंडातून. शप्पथ, सवयीने.
ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मग रस्त्याकडे बघून म्हणाली, तुमची गाडी आली, सर.

१७ फेब्रुवारी, सोमवार
रजा टाकली. कारण : प्रकृती. 
दिवसभर पडून आहे. मी जोड्यांवर वाद घालत होतो, आणि होकार तिचा होता. मला ती हवी होती. हे जानेवारीपासून या डायरीत कुठेही सरळ लिहिलेलं नाही.
संध्याकाळी तातेराव डबा घेऊन आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने डबा उघडून ताट वाढलं. मग म्हणाला, जेवून घ्या भुजंगराव. लग्नपत्रिका आली की आपण दोघं जाऊ परतूरला.
आपल्याला पत्रिका येईल हे कशावरून, असं ओठावर आलं होतं. नाही विचारलं. जेवलो.